साखर कारखान्याचा उतारा आणि धोक्यांचा हिशेब

(भाषणाचा मजकूर)

गाळप हंगाम संपून वार्षिक सर्वसाधारण सभेचा दिवस जवळ आला की साखर कारखान्याचा अहवाल सभासदांच्या घरी पोहोचतो. त्या अहवालातील पुष्कळ पाने कोणी वाचत नाही. परंतु एक आकडा मात्र चावडीवर, पारावर आणि एस.टी.च्या थांब्यावरही बोलला जातो. तो आकडा साखर उताऱ्याचा. शंभर किलो उसापासून किती किलो साखर पोत्यात पडली, एवढेच तो सांगतो. शेजारच्या कारखान्याचा उतारा साडेअकरा आणि आपला पावणेअकरा असे दिसले की सभेत संचालक मंडळाला जाब विचारला जातो. तो विचारणे योग्यच होय. मात्र हा एकच आकडा हाती धरून कारखान्याची कार्यक्षमता ठरविता येते काय, आणि त्या आकड्याच्या आड कामगारांच्या जिवाला व नदीच्या पाण्याला कोणता धोका संभवतो हे कळते काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

विषय तांत्रिक असला तरी तो केवळ तंत्रज्ञांचा नव्हे. विठ्ठलराव विखे पाटील यांचा पुढाकार आणि डॉ. धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन यांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये तेथे पहिले गाळप झाले. तेव्हापासून शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याचा मालक शेतकरी असू शकतो, हे महाराष्ट्राने दाखवून दिले. मालकी आली तशी हिशेब तपासण्याची जबाबदारीही आली. शिवाय उताऱ्याचा संबंध थेट उसाच्या दराशी आहे. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी ठरविलेला रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये असा असून, त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे अधिक मिळतात. ज्याचा साठ टन ऊस गेला त्याला उताऱ्यातील एका टक्क्याचा फरक २० हजार ७६० रुपयांचा पडतो. एका मुलाच्या वर्षभराच्या शिक्षणाची सोय त्यातून होऊ शकते.

चार वाटांनी जाणारी साखर

ऊस म्हणजे मुख्यतः पाणी. शंभर किलो उसात सुमारे सत्तर किलो पाणीच असते. उरलेल्यात चोथा आणि साखर. उदाहरणादाखल असा ऊस घ्यावा की ज्याच्या शंभर किलोत १३.२ किलो साखर आहे. ही सर्व साखर पोत्यात कधीच येत नाही. ती चार वाटांनी निसटते. पहिली वाट बगॅसची, म्हणजे रस पिळून उरलेल्या भुशाची. तो सुमारे २८ किलो निघतो आणि चांगल्या गिरणीतही त्यात दोन टक्क्यांच्या आसपास साखर राहते. ही झाली ०.५६ किलो. दुसरी वाट रस शुद्ध करताना गाळणीवर उरणाऱ्या गाळाची, म्हणजे प्रेसमडची, तेथे ०.०७ किलो जाते. तिसरी वाट सर्वांत मोठी. साखरेचे दाणे पुन्हा पुन्हा काढल्यावर शेवटी जी दाट काळी मळी उरते तिच्यातून १.२२ किलो साखर जाते. (शेतकरी प्रेसमडलाही मळीच म्हणतात, त्यामुळे सभेतील प्रश्नोत्तरांत पुष्कळदा गोंधळ उडतो. येथे मळी म्हणजे मोलॅसिस असेच समजावे.) चौथी वाट ‘अज्ञात घट’ या नावाने नोंदविली जाते. ती ०.१० किलो धरली तर एकूण घट १.९५ किलो होते आणि उतारा ११.२५ टक्के येतो.

आता दुसरा कारखाना पाहावा. त्याच्या परिसरातील उसातच साखर कमी, १२.६ टक्के. परंतु त्याची एकूण घट १.६५ एवढीच आहे. त्याचा उतारा १०.९५ येईल. अहवालांची तुलना करणारा सभासद पहिल्या कारखान्याला शाबासकी देईल आणि दुसऱ्याला दोष देईल. प्रत्यक्षात आलेल्या साखरेपैकी पहिल्याने सुमारे ८५ टक्के पोत्यात भरली, तर दुसऱ्याने सुमारे ८७ टक्के. कार्यक्षम दुसराच. कोल्हापूरकडील जमीन, हवामान आणि उसाचे वाण यांचे श्रेय कोल्हापूरच्या यंत्रांना देणे, किंवा मराठवाड्यातील उन्हाचा दोष तेथील इंजिनिअरच्या माथी मारणे, दोन्ही चुकीचे. पहिल्या कारखान्याने आपली घट ०.३ टक्क्याने कमी केली, तर पाच लाख टन गाळपावर पंधरा हजार क्विंटल साखर अधिक मिळेल. २०१९ मध्ये ठरलेल्या ३,१०० रुपये क्विंटल या किमान विक्री दराने धरले तरी ती ४ कोटी ६५ लाख रुपयांची होते. तेव्हा सभासदाने उताऱ्यासोबत उसातील साखरेचा अंश आणि चारही घटींचे आकडे मागितले पाहिजेत. ते प्रत्येक कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोज लिहिले जातात. पुण्याजवळील मांजरी येथील वसंतदादा साखर संस्था तांत्रिक कार्यक्षमतेचे पुरस्कार देते तीही केवळ उतारा पाहून नव्हे.

आणखी एक सावधगिरी अलीकडच्या काळात आवश्यक झाली आहे. २०१८ नंतर बी-हेवी मळीपासून किंवा थेट उसाच्या रसापासून इथेनॉल करण्याचे प्रमाण वाढले. दाणे पूर्ण काढण्यापूर्वीच साखर इथेनॉलकडे वळविली की उतारा कमी दिसतो. ही घट नव्हे, तो वेगळा विनियोग आहे. वळविलेल्या साखरेची दुरुस्ती केल्याशिवाय यंदाचा उतारा दहा वर्षांपूर्वीच्या उताऱ्याशेजारी मांडू नये.

काट्यापासून गव्हाणीपर्यंत

प्रयोगशाळेच्या हिशेबाचा पाया एका साध्या समीकरणावर आहे. ऊस आणि गिरणीवर सोडलेले पाणी यांचे वजन एका बाजूला, मिश्र रस आणि बगॅस यांचे वजन दुसऱ्या बाजूला. यांपैकी बगॅस सहसा तोलला जात नाही. तो वजाबाकीने काढला जातो. म्हणजे उसाच्या वजनात चूक झाली तर ती सर्व आकड्यांत झिरपते. काट्यावर ऊस प्रत्यक्षाहून कमी भरला, तर उतारा आपोआप वाढलेला दिसतो! उंचावलेल्या उताऱ्याचे कौतुक करण्यापूर्वी काट्याची तपासणी कधी झाली, हे विचारावे ते याचसाठी. उसाचा वजनकाटा हा गावकऱ्यांच्या दृष्टीने न्यायाचा प्रश्न आहेच. तो तांत्रिक मूल्यमापनाचाही पहिला प्रश्न आहे.

याहून मोठी आणि कोणत्याही तक्त्यात न दिसणारी हानी काट्याच्या अलीकडे, फडात आणि गाडीतळावर होते. ऊस तुटला की त्यातील साखर वाढणे थांबते आणि फुटणे सुरू होते. कापलेल्या टोकातून ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू शिरतात. ते साखर खातात आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ निर्माण करतात. त्याने रस निवळत नाही आणि दाणा नीट बांधला जात नाही. म्हणून तोडणीपासून चोवीस तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा, असा दंडक आहे. बीडकडून आलेली टोळी पहाटे थंडीत ऊस तोडते, मोळ्या बांधते, दुपारी बैलगाडी भरते. आणि ती गाडी कारखान्याच्या तळावर रांगेत रात्रभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत उभी राहते. बैल चिपाडे चघळीत बसतात, गाडीवान जुवाखाली झोपतो आणि उसातील पाणी व साखर दोन्ही उडत असतात. वजन घटले ते शेतकऱ्याचे आणि तोडणी मजुराचे. साखर घटली तिची नोंद तर वरील चार वाटांपैकी एकीतही होत नाही. कारण उसात साखर किती होती हे प्रयोगशाळा रस आणि बगॅस यांवरूनच मागे मोजत काढते. तळावर नाहीशी झालेली साखर हिशेबात ‘ऊस कमी गोड होता’ एवढ्याच रूपाने उमटते. तोडणीची वेळ आणि गाळपाची वेळ प्रत्येक स्लिपवर लिहिली गेली आणि त्यांतील सरासरी अंतर दर आठवड्याला फलकावर लावले गेले, तर शेतकी खात्याच्या कामाचे याहून चांगले माप दुसरे नाही.

गाळपाच्या विक्रमाविषयीही थोडे बोलणे प्राप्त आहे. पाच हजार टन क्षमतेच्या कारखान्याने दिवसाला पाच हजार आठशे टन गाळले, ही बातमी अभिमानाने दिली जाते. ऊस फडात वाळत असताना गती वाढविणे अपरिहार्य असते, हे खरे. परंतु गिरणीवरून जाड थर जाऊ लागला की रस पुरा पिळला जात नाही. बगॅसमध्ये साखरही राहते आणि ओलावाही. ओला भुसा बॉयलरमध्ये नीट जळत नाही, वाफेचा दाब खाली येतो, बाष्पीभवन मंदावते आणि शेवटी गाळप थांबवावे लागते. पाच हजार टनांच्या कारखान्यात एक तास थांबणे म्हणजे सुमारे २०८ टन ऊस मागे पडणे. शिवाय पात्रांत उभा राहिलेला गरम रस बिघडतो तो वेगळाच. बंद तासांची नोंद ऊस नसणे, यांत्रिक बिघाड, विजेचा बिघाड, सफाई अशी कारणवार ठेवलेली असते. तिच्याकडे पाहिले म्हणजे विक्रमाची खरी किंमत समजते.

अज्ञात घट कोठे जाते?

एक दशांश टक्का ही अज्ञात घट क्षुल्लक वाटते. पाच हजार टनांच्या गाळपावर ती रोज पाच टन साखर होते. यातील काही भाग उष्णतेने आणि आम्लतेने फुटतो. उरलेला पंपाच्या गळतीतून, टाकी भरून वाहिल्याने, जमीन धुतल्याने आणि उकळत्या रसाचे तुषार वाफेबरोबर उडाल्याने पाण्यात जातो. कार्यक्षमतेचा प्रश्न येथे धोक्याच्या प्रश्नाला येऊन मिळतो.

एक किलो साखर पाण्यात पूर्ण कुजताना एक किलोहून थोडा अधिक प्राणवायू लागतो. स्वच्छ नदीच्या लिटरभर पाण्यात विरघळलेला प्राणवायू जेमतेम आठ मिलिग्रॅम असतो. म्हणजे एक किलो साखर सुमारे १ लाख ४० हजार लिटर पाण्याचा प्राणवायू संपवू शकते. हिवाळ्याच्या अखेरीस नदीचा प्रवाह क्षीण झालेला असताना चार-सहा टन साखरेचे पाणी ओढ्यातून सुटले, तर मासे पृष्ठभागावर येऊन तडफडतात ते विषाने नव्हे, गुदमरून. २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने साखर कारखान्याच्या सांडपाण्याची मर्यादा टनभर उसामागे २०० लिटर ठरविली. उसातच सत्तर टक्के पाणी असल्याने ही मर्यादा पाळणे चांगल्या व्यवस्थापनाला अवघड नाही. ज्याला ती अवघड जाते त्याच्याकडे साखरही गळत असते. प्रदूषण नियंत्रणाचा खर्च हा निव्वळ भुर्दंड आहे, ही समजूत म्हणूनच तपासून पाहावी.

तीच साखर बॉयलरकडे गेली तर काय होते? वाफेचे पाणी थंड करून पुन्हा बॉयलरला दिले जाते. त्यात रसाचे तुषार मिसळले तर बॉयलरमध्ये फेस येतो, साखर फुटून आम्ल तयार होते आणि नळ्या खाल्ल्या जातात. पूर्वी कमी दाबाचे बॉयलर हे सोसत असत. वीज निर्मितीसाठी ६७, ८७ किंवा ११० वातावरण दाबाचे बॉयलर आल्यापासून सहनशक्ती उरलेली नाही. या धोक्यावर पहारा ठेवण्याचे साधन अत्यंत स्वस्त आहे: एक परीक्षानळी, अल्फा नॅफ्थॉलचे चार थेंब आणि तीव्र गंधकाम्ल. पाण्यात साखर असेल तर जांभळे वलय उमटते. ही चाचणी पाळीवरील एखादा साधा कामगार दर तासाला करीत असतो. रात्री तीन वाजता ती खरोखर होते की सकाळी वहीत एकदम आठ खुणा केल्या जातात, यावर कोट्यवधी रुपयांचा बॉयलर आणि त्याच्यासमोर उभी असलेली माणसे अवलंबून असतात.

क्वचित घडणारे, पण मोठे

वर सांगितलेल्या गोष्टींचे रोजचे आकडे तरी असतात. काही धोके मात्र असे की त्यांचा आकडा वर्षानुवर्षे शून्यच राहतो, आणि शून्य म्हणजे सुरक्षित अशी सर्वांची समजूत होते. साखर उद्योगाच्या इतिहासातील दोन दुर्घटना या दृष्टीने अभ्यासण्याजोग्या आहेत. दोन्ही अमेरिकेतील असल्या तरी त्यांतील वस्तू महाराष्ट्रातील प्रत्येक कारखान्यात आहेत.

पहिली बोस्टन शहरातील. १५ जानेवारी १९१९ रोजी तेथील मळीची एक मोठी टाकी फुटली. तीत सुमारे ८७ लाख लिटर मळी होती. वजनाने हे सुमारे बारा हजार टन होतात. पाच लाख टन ऊस गाळणाऱ्या आपल्याकडील कारखान्यात हंगामात याहून अधिक, वीस हजार टनांच्या आसपास, मळी निघते. त्या लोंढ्याने इमारती उखडल्या आणि २१ माणसे मरण पावली. टाकी १९१५ मध्ये घाईने बांधली होती. बांधकामावर देखरेख करणारा गृहस्थ हिशेब विभागातला होता. टाकी काठोकाठ पाण्याने भरून तपासण्याऐवजी तळाशी सहा इंच पाणी घालून पाहिले गेले. पुढे ती सांध्यांतून पाझरू लागली, तेव्हा गळती दिसू नये म्हणून तिला मळीच्याच रंगाचा तपकिरी रंग देण्यात आला.

दुसरी जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थ येथील. ७ फेब्रुवारी २००८ रोजी तेथील साखर शुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १४ कामगार मृत्युमुखी पडले आणि ३६ जखमी झाले. बॉयलर फुटला नव्हता, वायू गळला नव्हता. स्फोट झाला तो साखरेच्या धुळीचा. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाच्या २००९ च्या अहवालातील एक तपशील फार बोलका आहे. साखर वाहून नेणारा पट्टा पूर्वी मोकळा होता. साखरेत कचरा पडू नये म्हणून २००७ मध्ये त्याला पोलादी पत्र्यांनी सर्व बाजूंनी झाकण्यात आले. मालाची शुद्धता वाढली; परंतु आतली धूळ ओढून घेण्याची सोय केली नाही. धूळ कोंडली गेली आणि बहुधा तापलेल्या बेअरिंगने ती पेटली. त्या पहिल्या लहान स्फोटाच्या धक्क्याने इमारतीत तुळयांवर, छतावर, यंत्रांवर साचलेली धूळ हवेत उडाली आणि एकामागून एक मोठे स्फोट झाले. सुमारे एक मिलिमीटर जाडीचा थरही मोठ्या जागेवर पसरला असेल तर धोक्याचा मानतात. आपल्याकडील पोती भरण्याच्या विभागात तुळईवर बोट फिरवून पाहावे.

या घटनांतून मूल्यमापनाची एक रीत सुचते. कारखान्यात कोणतीही सुधारणा करताना तिने किती साखर, वाफ किंवा वेळ वाचेल हे जसे कागदावर मांडले जाते, तसे तिने कोणता नवा धोका निर्माण होतो हेही त्याच कागदावर मांडले जावे. धोक्याला दोन मापे असतात: तो किती वेळा घडू शकतो आणि घडला तर किती नुकसान करतो. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांना मागे परावर्तक नसल्याने रात्री रस्त्यावर होणारे अपघात वारंवार घडतात. त्यांचा उपाय तांबड्या पट्टीएवढा स्वस्त असूनही प्रत्येक हंगामात तो नव्याने सांगावा लागतो. मळीची टाकी फुटणे क्वचित घडते, पण घडले तर वस्तीच उरत नाही. सफाईसाठी बंद पात्रात किंवा आसवनीच्या किण्वन टाकीत माणूस उतरविणे या दोहोंच्या मधले. तेथे प्राणवायू नसतो, आणि पहिल्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो तोही परत येत नाही. हवा तपासल्याशिवाय आणि वर दोर धरून माणूस उभा असल्याशिवाय कोणालाही आत उतरविता कामा नये.

आर्थिक धोक्याचा विचार यात थोडक्यातच करता येईल. राज्याचे साखर उत्पादन २०१८-१९ मध्ये सुमारे १०७ लाख टन होते. दुष्काळ आणि त्यानंतरचा महापूर यांमुळे २०१९-२० मध्ये ते सुमारे ६२ लाख टनांवर आले. २०२१-२२ मध्ये ते १३७ लाख टनांवर गेले. चांगल्या वर्षाचा ऊस डोळ्यापुढे ठेवून क्षमता वाढविणाऱ्या कारखान्याने वाईट वर्षाच्या उसावर कर्जाचा हप्ता फिटतो काय, हे आधी मांडून पाहावे.

हे सारे तपासण्याचा काळ गाळपाचा नव्हे, तर जून ते सप्टेंबरचा. त्या चार महिन्यांत यंत्रे उघडलेली असतात, टाक्या बऱ्याच अंशी रिकाम्या झालेल्या असतात आणि पत्र्याची जाडी मोजता येते. बॉयलर तपासणीसाठी १९२३ चा जुना कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा कायदा झाला. प्रमाणपत्र मात्र तेव्हाही लागत होते आणि आताही लागते. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, मान्यवरांच्या हस्ते गव्हाणीत मोळी टाकली जाते. त्यापूर्वीच्या संचालक मंडळाच्या सभेत बॉयलरच्या प्रमाणपत्राबरोबर मळीच्या टाक्यांच्या पत्र्याची मोजलेली जाडी, वजनकाट्याच्या तपासणीची तारीख, मागील हंगामातील अज्ञात घट आणि तोडणी ते गाळप यांतील सरासरी तास, हे पाच कागद मेजावर ठेवण्यास लागणारा वेळ अर्ध्या तासाहून अधिक नाही.